दातवाल्या बाईंची रविवारची शाळा

पौडच्या एसटी थांब्यावर एका रविवारी सकाळी कासार आंबोलीच्या एका बाईनं मला विचारलं, "बाई, तुमी अजून पास न्हाई झाला व्हय?"

तिचा काही दोष नव्हता. महिन्यातल्या एका रविवारी मी पुण्याला दातांच्या डॉक्टरांच्या सभेला जायची. तिथं नवीन काय निघालंय ते कुणीतरी शिकवायचं आणि आम्ही शिकायचो. हे मी मोठ्या अभिमानानं ज्याला त्याला सांगत सुटायची. गावानं त्यातलं एवढंच उचललं की ही बाई अजून शाळेत जाते. आणि जी अजून शाळेत जाते तिच्या हातात आपला जबडा द्यावा की नाही, असा प्रश्न कुणालाही पडला असता.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. आमचे हे पौडच्या शाळेत मास्तर म्हणून आले आणि त्यांच्यामागून मी. मुंबईत दंतवैद्यकाची पदवी घेतलेली मुलगी मुळशीत जाऊन काय करणार, हा माझ्या माहेरच्यांचा प्रश्न. दातांना वेगळा डॉक्टर कशाला लागतो, हा मुळशीकरांचा. मी दोघांनाही उत्तर द्यायचं ठरवून घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना थाटला. एक लाकडी खुर्ची, तिला मान टेकवायला सुताराकडून ठोकून घेतलेली फळी, आणि दात कोरायचं पायानं चालवायचं यंत्र. गावात वीज नव्हती. शिवणयंत्रासारखी खाली पायटी, ती दाबत राहायची. वर दोरीवर चाक फिरायचं आणि दुसऱ्या टोकाला बारीक कोरणी. पहिल्याच आठवड्यात एक आजी उसवलेली खणाची चोळी घेऊन आल्या. "एवडी शिवन मारून द्या." यंत्र कशाचं आहे ते मी त्यांना समजावून सांगितलं, तेव्हा चोळी छातीशी धरून त्या ज्या वेगानं बाहेर पडल्या, तो त्यांच्या वयाला शोभणारा नव्हता.

माझ्याकडं माणूस यायचा तो सगळं करून झाल्यावर. लवंग झाली, अक्कलकारा झाला, गालावर डाग देऊन झाला, की मग मी. त्यातून आठवड्याच्या बाजारात एक दात काढणारा बसायचा. गोणपाट अंथरून त्याच्यावर आजवर काढलेल्या दातांचा ढीग मांडायचा. त्याच्यासारखी जाहिरात मला कधी जमली नाही. लोक म्हणायचे, "त्यानं बगा किती काडल्यात! बाईंचा एक तरी दात दिसतोय का कुटं?" मी दात वाचवते, म्हणून ढीग नाही, हे समजावणं अवघड होतं. त्यात आता ही शाळेची बातमी पसरली.

"अजून शिकत्यात, म्हंजी कच्च्या हायेत," असं भर बाजारात कुणीतरी म्हणालं, आणि माझे ठरलेले दोन रोगी उठून गोणपाटाकडं गेले.

यांनी मला एक सोपा उपाय सुचवला. "सभेला जाते म्हणून सांगतेस कशाला? माहेरी जाते म्हण. माहेरी जाणाऱ्या बाईला कुणी काही विचारत नाही."

"मास्तर होऊन शिकण्याची लाज बाळगायला सांगता?" मी म्हटलं. ते वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसले. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही, पण सभेच्या रविवारी सकाळचा चहा ते स्वतः करू लागले.

ती सभा म्हणजे काही मोठा थाट नव्हता. पुण्यात एका छापखान्याच्या वरची खोली. रविवारी खालची यंत्रं बंद असत म्हणून बोललेलं ऐकू यायचं. मंडळाचे चिटणीस होते डॉ. मोडक, बारीक अंगाचे, सदा घाईत असलेले गृहस्थ. शहरातल्या झाडून सगळ्या दातांच्या डॉक्टरांना ते स्वतःच्या हातानं पोस्टकार्डं लिहायचे. यायचे मूठभर. न येण्याची कारणं मात्र ढीगभर. रविवारी तर रोगी येतात. आम्हाला काय येत नाही? सभेला गेलो तर लोक म्हणतील याचा धंदा बसला. येणाऱ्यांतही तऱ्हा होत्या. एक जण कोण कोण आलंय ते पाहायला यायचे आणि पाहून झाल्यावर जायचे. एकांना दिवा मालवून चित्रं दाखवायला लागले की गाढ झोप लागायची. ती त्यांना घरी लागत नसे असं त्यांच्या पत्नीच मला म्हणाल्या. काही बटाटेवड्यासाठी यायचे. सगळ्यांत लांबून येणारी मी, आणि सगळ्यांत आधी पोचणारीही मीच, कारण एसटीनं मला दुसरी सोय ठेवलीच नव्हती.

पण काय काय मिळालं त्या खोलीत! कवळीसाठी जबड्याचं माप घ्यायचं म्हणजे आम्ही तोंडात चक्क प्लॅस्टर भरायचो. ते घट्ट झालं की तोंडातच फोडायचं, तुकडे बाहेर काढायचे आणि टेबलावर जुळवत बसायचं. रोगी हे सगळं डोळे विस्फारून पाहत असायचा. मग एक भुकटी आली; पाण्यात कालवली की खरवसासारखी थरथरीत होते, तोंडातून अलगद निघते. काळपट रबराच्या कवळ्या जाऊन हिरडीच्या रंगाच्या आल्या. सुई टोचून बधिर करायचं नवं औषध आलं, ज्यानं दात खरोखरच दुखायचा थांबायचा. त्याआधी आम्ही रोग्याला आणि स्वतःला बरीच खोटी आशा दाखवत असू. कॉलेज सोडून मला थोडीच वर्षं झाली होती, पण तिथं शिकलेल्यातलं निम्मं शिळं झालंय हे त्या खोलीत कळायचं. दूध नासलं तर वास येतो. विद्या नासते तिचा वासही येत नाही, ही खरी पंचाईत.

अशाच एका रविवारी मुंबईहून एक सर्जन आले. तोंडाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया करणारे. त्यांनी रंगीत चित्रं लावली. गालाच्या आत, ओठाच्या मागं, हिरडीपाशी पांढरा चट्टा. दुधावर साय धरावी तसा. तंबाखू किंवा मिश्री धरून ठेवायची जागा. "हा दुखत नाही," ते म्हणाले, "आणि हेच त्याचं वाईट आहे. दुखायला लागल्यावर तो माणूस माझ्याकडं येतो. तेव्हा माझ्या हातात फारसं काही राहिलेलं नसतं. पण त्याच्या आधी तो कधीतरी दात दुखतो म्हणून तुमच्याकडं येऊन जातो. तोंड तुमच्यापुढं उघडतो. नुसता दात बघून ते बंद करायला सांगू नका. जीभ उचला, गाल ओढा, ओठ उलटा."

परतीच्या एसटीत भुगाव कधी गेलं, भुकूम कधी गेलं, मी कशाकडंच पाहिलं नाही. आमच्याकडं घरोघरी सकाळी तव्यावर तंबाखू जाळून मिश्री व्हायची. बायका ती दातांना लावायच्या आणि खालच्या ओठात चिमूट धरून दिवसभर कामं करायच्या. म्हणजे ती चित्रं मुंबईची नव्हती. माझ्या दवाखान्याच्या दारावरून रोज जाणाऱ्यांची होती.

दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येकाचं अख्खं तोंड बघायला लागले. गाल ओढ, ओठ उलट. त्यावर गावाचं म्हणणं असं: "दुकतंय हितं, आन् बाई बगतीया तितं. शिकतीया ना अजून!"

आता सरूआत्यांची ओळख करून द्यायला हवी. पौडजवळच्या रिहे गावच्या. लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा होऊन माहेरी परतलेल्या, भावामागं त्याचं घर, त्याची भातखाचरं आणि त्याचा मुलगा बबन यांना सांभाळणाऱ्या. माहेरातच राहिल्यामुळं सगळं गाव त्यांना आत्या म्हणायचं. पन्नाशीच्या, काटक, आणि जिभेला धार. बांधावरनं भांडण लागलं की दोन्हीकडची माणसं आत्यांना बोलवायची, कारण आत्या बोलायला लागल्या की बाकीच्यांना बोलायचं काही उरायचं नाही.

त्या बबनच्या बायकोला, यमुनेला, घेऊन माझ्याकडं आल्या. यमुनेची दाढ सुजली होती. मी काम करत होते तोवर आत्या खुर्चीशेजारी उभ्या राहून देखरेख करत होत्या. "हळू, पोर कवळी हाय," असं एकदा मला, आणि "गप, एवडं काय वरडायचं त्यात," असं एकदा तिला. दाढेचं काम झालं. यमुना हसली, म्हणून आत्याही मोकळेपणानं हसल्या, आणि त्यांचा खालचा ओठ जरा खाली आला.

पुढच्या दातांच्या मुळाशी सायीसारखा पांढरा पट्टा होता. त्याच्या एका कडेला लालसर, खरबरीत.

"आत्या, जरा बसता का खुर्चीत? तुमचंही तोंड बघते."

"माज्या त्वांडाला काय झालंय? ते चांगलं चालतंय. गावाला इचारा."

बऱ्याच विनवण्या करून मी ओठ उलटून पाहिला. बोटाला कडा कडक लागली. मी शक्य तितक्या साध्या शब्दांत सांगितलं: हा चट्टा चांगला दिसत नाही, याचा तांदळाएवढा तुकडा काढून तपासायला पाठवायला हवा, त्यात वाईट काही निघालं तर लवकर उपाय करता येतो.

आत्यांनी माझा हात बाजूला केला. "दुकत न्हाई, खुपत न्हाई. तुमाला शिकायला तुकडा पायजे, व्हय ना? दुसऱ्या कुनाचा घ्या." आणि यमुनेला पुढं घालून त्या निघून गेल्या.

मी गप्प बसू शकले नाही. बैलगाडी मिळाली तशी रिह्याला गेले. आत्यांनी आदरानं घोंगडी अंथरली, गुळाचा चहा दिला, भाताची विचारपूस करू दिली. मी मूळ विषयावर येताच म्हणाल्या, "चा झाला? मग निघा आता. उनं व्हत्यात." पुन्हा गेले, पुन्हा चहा आणि पुन्हा उन्हं. बबनला बाजूला घेऊन सांगितलं. तो बिचारा म्हणाला, "बाई, आत्यापुडं माजं काय चालतंय? तिनं मला वाडीवलाय."

पुढच्या सभेला मी हे सगळं मोडकांना सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला असावा, कारण झोपणारे सभासदही जागे झाले. "त्यांना माझा भरवसा नाही," मी म्हटलं. "मी शिकते हेच माझ्या आड येतंय."

मोडक थोडा वेळ पेन्सिल चावत राहिले. मग म्हणाले, "रोगी शाळेत येत नसेल तर शाळा रोग्याकडं न्यावी. पुढची सभा मुळशीत घेऊ. मुंबईच्या सरांना मी बोलावतो."

खोलीत कुरकुर सुरू झाली. एवढ्या लांब? रविवारी? बैलगाडीनं? तेवढ्यात मी म्हटलं, "भात नुकताच झोडपून झालाय. नवा आंबेमोहोर आहे. सोबत पावटे."

त्या सभेला जेवढी हजेरी लागली तेवढी मंडळाच्या इतिहासात आधी लागली नव्हती.

मी बबनच्या घरी निरोप दिला की रिह्याच्या शाळेच्या पडवीत डॉक्टर लोक जमणार आहेत. आत्यांचं उत्तर आलं: "पाव्हनं यायचं तर जेवान आमच्या घरी. त्वांड तेवडं मागू नगा."

मोडकांनी माझ्यावर आणखी एक काम सोपवलं. "तुमच्या एसटीच्या वाटेवर डॉ. हळब्यांचा दवाखाना आहे. त्यांना मी कित्येक पोस्टकार्डं पाठवली, कधी आले नाहीत. फार शिष्ट आहेत म्हणतात. तुम्ही बोलावून बघा."

हळबे म्हणजे सगळ्यांत ज्येष्ठ. पांढरे केस, बंद गळ्याचा कोट, ओठात तंबाखूची गोळी. मी आमंत्रण दिलं तेव्हा ते हत्यारं पुसत होते, पुसतच राहिले. मग दार लोटून घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, मी कुठल्या कॉलेजात गेलो नाही. एका डॉक्टरांच्या हाताखाली उभा राहून शिकलो. नवा कायदा आला तेव्हा आधीपासून काम करणाऱ्यांना नोंदणी मिळाली, त्यात मलाही मिळाली. तुमच्या सभेत कुणी विचारलं, तुमचं कॉलेज कुठलं, तर काय सांगू?"

शिष्टपणा म्हणून सगळं शहर ज्याला नावं ठेवत होतं, ते हे होतं. "रिह्यात तसलं कुणी विचारत नाही," मी म्हटलं. "भात आणखी वाढू का, एवढंच विचारतात."

ते हसले. येतो म्हणाले नाहीत.

पण आले. त्या रविवारी पौडला एसटीतून उतरणाऱ्या कोटवाल्यांत ते सगळ्यांत मागं होते. पुढचा रस्ता बैलगाड्यांनी; हळबे बसले बबनच्या गाडीत. एका डॉक्टरांची हॅट ओढ्यात गेली. ती काढायला गाडीवान उतरला, तोवर बैल डॉक्टरांना घेऊन पुढं निघून गेले. शाळेच्या पडवीत सतरंज्या अंथरल्या होत्या. गावातले बरेच जण कुडाला टेकून बघायला उभे होते. डॉक्टरांचा वर्ग भरतो तो कसा, याची सगळ्यांना उत्सुकता. आत्या स्वयंपाक यमुनेवर सोपवून शाळेच्या दारातल्या उंबऱ्यावर येऊन बसल्या. पाव्हण्यांना काही हवं-नको बघायला, असं त्यांचं म्हणणं.

मुंबईचे सर साध्या मराठीत बोलले. चित्रं भिंतीला टांगली. सांगून झाल्यावर विचारलं, "कुणाला शंका?" आमच्यातलं कुणी तोंड उघडेना. इतक्या सभांना येऊनही शंका विचारणं म्हणजे आपलं अज्ञान उघडं करणं, असं आम्हा शिकलेल्यांना वाटायचं. शेवटी मागून एक हात वर झाला. हळबे. शाळेतल्या मुलासारखे उठून उभे राहिले.

"मला एक कळत नाही. तुकडा तपासतात म्हणजे त्यात नेमकं काय बघतात? मी कधी पाहिलेलं नाही."

कुणी हसलं नाही. सरांनी समजावून सांगितलं: कातडी विटांच्या भिंतीसारखी रचलेली असते, रोग झाला की विटा वेड्यावाकड्या होतात आणि खाली घुसू लागतात, ते सूक्ष्मदर्शकाच्या काचेतून दिसतं. हळबे मान डोलावत खाली बसले. मग एकामागून एक सगळ्यांचेच हात वर व्हायला लागले.

उंबऱ्यावरून आत्यांनी हाक दिली. "अवं पाव्हनं! पांडऱ्या केसाचं! तुमी दाताचं डाक्टरच ना?"

"हो."

"कवापासनं?"

"तुमचा बबन जन्माला यायच्या आधीपासून."

"मग अजून काय शिकायचं ऱ्हायलंय तुमचं?"

हळबे म्हणाले, "ते ठाऊक असतं तर कधीच शिकून टाकलं असतं, बाई. ठाऊक नाही म्हणून तर आलो."

पडवीत हशा पिकला. आत्या मात्र हसल्या नाहीत. त्या हळब्यांच्या ओठातल्या गोळीकडं बघत होत्या. "तुमी बी तंबाखू खाता की. तुमचं त्वांड कुनी बगितलं का?"

हळब्यांचा चेहरा उतरला. आम्हा सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडं वळल्या. एवढ्या डॉक्टरांच्या गराड्यात त्या माणसाचं तोंड आजवर कुणी उघडून पाहिलेलं नव्हतं. ते उठले, अंगणात जाऊन चूळ भरून आले, आणि मास्तरांच्या खुर्चीत बसून सरांना म्हणाले, "बघा."

सरांनी ओठ उलटला, जीभ उचलली, गाल ओढले. बराच वेळ लागला. हळब्यांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट आवळलेले मला दिसत होते. "चांगलं आहे," सर शेवटी म्हणाले, "पण ही गोळी आजपासून बंद." हळब्यांनी खिशातली डबी काढून कुडापलीकडं भिरकावली. ती कुणीतरी उचलली, असा मला संशय आहे.

खुर्चीतून उठताना ते आत्यांकडं वळले. "मला भीती वाटत होती," ते म्हणाले. "आता बरं वाटतंय."

आत्या उठल्या. पदर खोचला. खुर्चीत येऊन बसल्या आणि सरांना नव्हे, मला म्हणाल्या, "बाई, तुमीच बगा. ह्ये मुंबईचं उद्या जात्याल. तुमी हितंच हायेसा."

मी सरांच्या देखत तांदळाएवढा तुकडा काढला. जेवणं उत्तम झाली. परतीच्या गाडीत हळबे माझ्या शेजारी बसले होते. "कुणी विचारलं नाही कॉलेज," ते म्हणाले.

अहवाल वाईट आला, पण फार वाईट नाही. सुरुवात होती. मी रिह्याला गेले तेव्हा आत्या खळ्यात सुपानं भात पाखडत होत्या. माझं बोलणं संपेपर्यंत सूप थांबलं नाही. मग त्यांनी ते खाली ठेवलं.

"वाचंन का?"

"आत्ता गेलात तर वाचाल, आत्या."

"लावनीपतूर परत यीन?"

"याल."

"मग बबन्या, गाडी जुप," त्या म्हणाल्या. दुपारची भाकरीही खाल्ली नाही. बबनला मी सरांच्या नावे चिठ्ठी दिली आणि त्या दोघांना पौडला एसटीत बसवून दिलं.

मुंबईला शस्त्रक्रिया झाली. खालचे पुढचे दात आणि त्यांच्याखालच्या हाडाची एक पट्टी गेली, पण रोग मुळासकट गेला. लावणीच्या आत आत्या घरी आल्या. समुद्राबद्दल त्यांचं मत असं झालं: "आपल्या धरनापरीस मोटा हाय, पर खारट. कुनाच्या उपेगाचा?"

एवढं मत त्यांनी दिलं, आणि नंतर त्या बोलेनाशा झाल्या. ओठ आत बसला होता. शब्द फसफस करत बाहेर पडायचे. एकदा बांधावर कुणीतरी पोरासोरानं त्यांची नक्कल केली म्हणे. त्या दिवसापासून आत्या तोंडाला पदर लावून वावरू लागल्या. भांडणं सोडवायला कुणी बोलावलं तर नुसती मान हलवायच्या. यमुना माझ्याकडं येऊन रडली. "घर खायला उठतंय बाई. दिवसभर वरडायच्या तवा नको वाटायचं. आता कुनी वरडतच न्हाई."

जीव वाचवला म्हणून मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेत होते. पण ज्या तोंडासाठी आत्या आत्या होत्या ते तोंड मी त्यांना परत दिलंच नव्हतं. कवळी बसते ती हिरडीच्या उंचवट्यावर. इथं उंचवटाच नव्हता. असल्या जबड्यावर कवळी कशी करायची ते मला येत नव्हतं, आणि मंडळात कुणालाच येत नव्हतं. मोडकांनी मुंबईच्या दातांच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना गाठलं आणि पुढचे लागोपाठ रविवार आम्हाला त्या विषयाला बांधून घातलं. माझ्या शेजारच्या बाकावर हळबे असायचे. आता ते एकही सभा चुकवत नसत. आम्ही दोघांनी मिळून इतकं मेण वाया घालवलं की प्राध्यापकांनी आम्हाला वेगवेगळं बसवलं.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्याकडून पुरी झाली नाही, तिची चुटपुट आहे. बाजारात गोणपाटावर बसणाऱ्या त्या दात काढणाऱ्यालाही सभेत बोलवावं, निदान पांढरा चट्टा ओळखायला तरी शिकवावं, असं मी सुचवलं होतं. त्याच्यापुढं एका बाजारात जेवढी तोंडं उघडायची तेवढी माझ्यापुढं महिन्यात उघडत नव्हती. मंडळाला ते पटलं नाही. त्याच्या शेजारी बसायचं म्हणजे धंद्याची अब्रू जाते, असं ठरलं. हळबे तेवढे माझ्या बाजूनं बोलले. पुढं वर्षभरात तो माणूस बाजारात दिसेनासा झाला, आणि त्याच्यापुढं उघडलेल्या तोंडांत काय काय होतं ते कुणालाच कळलं नाही.

आत्यांची कवळी शेवटी झाली. कितीदा मोडली, किती ठिकाणी घासली, ते सांगत नाही. ज्या दिवशी ती नीट बसली त्या दिवशी मी आरसा त्यांच्या हातात दिला आणि कौतुकाची वाट बघत उभी राहिले. आत्या आरशात बघत राहिल्या. ओठ वर आला होता, गाल भरले होते, शब्द स्वच्छ निघत होते. त्यांतला पहिला स्वच्छ शब्द असा:

"ह्ये माजं न्हाईत."

"म्हणजे?"

"लई सरळ हायेत. माजा हा म्होरला दात वाकडा व्हता, शेजारच्यावर चडल्याला. लगीन ठरलं तवा सासऱ्यानं त्यालाच नावं ठेवल्याली. हे सरळ दात घालून गावात गेले तर लोक म्हनतील, कुनाची बाई आली."

मी कवळी परत घेतली. सरळ बसवायला मला सगळ्यांनी शिकवलं होतं, वाकडं बसवायला कुणी नाही. मेण तापवलं, तो एक दात उचलला, शेजारच्यावर थोडासा चढवला. "अजून," आत्या म्हणाल्या. आणखी चढवला. "आता जरा खाली." अशी त्यांच्या सांगण्यावरून ती पुरी केली. पुन्हा आरसा दिला तेव्हा त्यांनी स्वतःकडं पाहून दात विचकले, मग खुदकन हसल्या, आणि दाराशी उभ्या असलेल्या बबनला म्हणाल्या, "उबा काय ऱ्हायलायस? बैलांना पानी कोन दाखवनार?" बबनच्या डोळ्यांना धार लागली.

हे मी मोडकांना सांगितलं, तर ते लगेच म्हणाले, "पुढच्या सभेत तुम्ही बोला." आजवर मी त्या खोलीत फक्त ऐकलं होतं. विषय काय ठेवू, म्हणाले. मी थट्टेनं म्हटलं, "दात वाकडा कसा बसवावा." त्यांनी सगळ्या पोस्टकार्डांवर तसंच लिहिलं. हा काय प्रकार म्हणून, जे कधी येत नसत तेही आले. खोली भरली.

मी आत्यांना बरोबर नेलं होतं. त्यांना पुढच्या खुर्चीत बसवून मी बोलले. शेवटी म्हटलं, "आत्यांची हरकत नसेल तर तुम्ही जवळ येऊन बघू शकता."

सगळे डॉक्टर एकदम उठले. खुर्च्या सरकल्या, कोट कोटाला लागले, आणि जो तो आरसा काढून पुढं घुसू लागला. आत्यांनी तळहात वर केला. खोली जागच्या जागी थांबली.

"गर्दी न्हाई करायची," त्या म्हणाल्या. "रांगंत या. आन् आदी हात धुवा."